तुम्ही पळालात, तेवढं मी गाळलं

दसरूभाऊ,

तुम्हाला मातीत ठेवून आज नऊ दिवस झाले. शाळा पाचव्या दिवशी उघडली. दुपारच्या सुट्टीत मुलं जेवायला घरी गेली आणि मी सवयीने व्हरांड्यात दोघांपुरती चटई अंथरली. अंथरल्यावर लक्षात आलं. मग ती तशीच राहू दिली.

तुमच्याविषयी चार शब्द लिहा, असं मला कोणी सांगितलेलं नाही. तुमचं वय किती, शेत किती, मुलंबाळं किती, हे गावाला माहीत आहे आणि गावाबाहेर कोणाला त्याचं काम नाही. मी लिहितो आहे ते आपल्या दोघांमधलं आहे. त्यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. थोडं ठाऊक नाही, आणि ते सांगायला मी फार वर्षं लावली. तेवढ्यात तुम्ही गेलात.

मी या गावात आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नॉर्मल, म्हणजे मास्तरकीची परीक्षा, पास झालेला, आरमोरीकडचा, डोक्यात लेखक व्हायचं खूळ. गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणारी सडक सोडली की दीड कोस जंगलातली पायवाट, आणि मग पंचवीस-तीस घरांचं हे गाव. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तिथून एक मासिक मला टपालाने यायचं, आठ-दहा दिवस उशिरा, कोपरे दुमडलेलं. तुम्ही ते हातात घेऊन आधी हुंगायचात. "आपल्याच बांबूचा कागद असन," म्हणायचात. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही मधेच थांबवून विचारायचात, हे खरं घडलं की त्यानं बनवलं? मी म्हणायचो, काय फरक पडतो, गोष्ट चांगली आहे ना. तुम्ही मान हलवायचात, पण ती होकाराची नसायची.

गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सोमाजींना पाहिलं होतं. डावा डोळा नाही, गाल कानापर्यंत ओढून शिवल्यासारखा, बोलताना तोंडाचा एक कोपरा हलत नाही. मी नजर वळवली, तेही त्यांनी पाहिलं. कोणीतरी मला सांगितलं की मोहफुलं वेचताना अस्वलाने फाडलं, आणि दसरूने अस्वलाच्या अंगावर जाऊन त्याला सोडवलं, पाठीवर घालून सडकेपर्यंत आणलं. "दसरू होता म्हून सोमा हाय," असं गाव म्हणायचं. लग्नात, जत्रेत, पाहुणा आला की ही गोष्ट निघायची. मी पाहिलं होतं, ती निघाली की तुम्ही उठून बैलांना पाणी पाजायला जायचात. मला वाटायचं, तुम्हाला स्वतःचं कौतुक ऐकवत नाही.

खरं काय ते तुम्ही मला सांगितलं तो बाजाराचा दिवस होता. धानोऱ्याच्या बाजाराला आपण दोघंच पायी निघालो होतो. थंडीचे दिवस, ऊन चांगलं वाटत होतं. नाल्याजवळ तुम्ही थांबलात, पाणी प्यायलात, आणि पलीकडच्या काठावरचा एक खडक दाखवून म्हणालात की मी तिथे बसलो होतो. मला कळेना. मग तुम्ही खाली बसलात आणि माझ्याकडे न पाहता सांगत गेलात. मी ते तुमच्याच शब्दांत जपून ठेवलं आहे, कारण नंतर माझ्या शब्दांनी त्याचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

"अस्वल सोमावर आलं अन् मी परालो. नाला पार करून त्या गोट्यामागं बसलो. कुऱ्हाड हातातच होती. सोमा माह्यं नाव घेऊन वरडत होता. मी आयकत होतो, पर उठलो नाई. मंग वरडनं बंद झालं. ते बंद झालं म्हून मी वापस गेलो, गुरुजी. आवाज चालू असता तं गेलो असतो का नाई, मले ठाऊक नाई."

किती वेळ, असं मी विचारलं. एक चिलीम ओढून होईल एवढा, असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही परत गेलात तेव्हा अस्वल अजून तिथेच होतं. तुम्ही कुऱ्हाड चालवलीत, ते निघून गेलं, आणि तुम्ही सोमाजींना पाठीवर घेतलंत. तेवढंच गावाने पाहिलं. सोमाजी तेव्हा शुद्धीत नव्हते. नंतर गावाने जे सांगितलं तेच त्यांनी खरं मानलं.

मला का सांगता, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात की गावात कोणाला सांगता येत नाही, मी बाहेरचा आहे, आणि ते पोटात ठेवून ठेवून आता जड झालं आहे. मग उठलात, कपडे झटकले, आणि आपण बाजाराला गेलो. मी त्या दिवशी मीठ विसरलो. माझ्या डोक्यात तो खडक बसला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मासिकात स्पर्धेची जाहिरात आली. सत्य अनुभव लिहून पाठवा. अनुभव लेखकाचा स्वतःचा असावा, पूर्वी कुठे प्रसिद्ध झालेला नसावा, आणि शेवटी 'वरील हकीकत माझी स्वतःची व खरी आहे' असं लिहून सही करावी. नवोदितांना उत्तम संधी, असंही खाली होतं. माझ्या आयुष्यात तोवर काय घडलं होतं? परीक्षा पास झालो होतो आणि एकदा हिवतापाने महिनाभर पडलो होतो. मी तीन रात्री हिवतापावर लिहून पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी ते बाजूला ठेवलं आणि तुमची गोष्ट 'मी' म्हणून लिहायला घेतली.

तुम्हाला विचारावं, हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. तुम्ही त्या दिवशी शाळेवरून बांबू घेऊन जाताना दिसलातही. मी हाक मारली नाही. मनाशी म्हटलं की या रानात ते मासिक माझ्याशिवाय कोणाकडे येतं? कोणाचं काय जाणार आहे? नाव थोडंच लिहितो आहे मी त्यांचं?

आणि पळण्याची जागा आली तेव्हा पेन अडलं. आता तो पळणारा मी होतो. माझं नाव वर छापून येणार होतं. मी लिहिलं: 'मित्राची आर्त हाक कानी पडताच, क्षणाचाही विचार न करता, मी त्या हिंस्र श्वापदावर झेप घेतली.' ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मोठ्याने वाचूनही पाहिलं. मग खाली ते दुसरं वाक्य लिहिलं, हकीकत माझी स्वतःची व खरी आहे, आणि सही केली. सही करताना हात थांबला का, हे मी किती वेळा आठवून पाहिलं. नाही थांबला, दसरूभाऊ.

दिवाळी अंकात पहिलं बक्षीस माझं होतं. सोबत एक फाउंटन पेन आणि छापील पत्र. पेन मी ट्रंकेत ठेवलं आणि अंक गादीखाली. लपवायचं होतं तर पाठवलं कशाला?

मार्गशीर्षात धान कापून झाल्यावर शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. ते माणूस मनाने चांगले होते. आपल्या हाताखालच्या शिक्षकाला बक्षीस मिळालं याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद होता. अंक त्यांनी सोबतच आणला होता. गावाला बोलावलं, अंगणात बसवलं, आणि म्हणाले की तुमच्या गुरुजींनी काय पराक्रम केला आहे ते ऐका. मी म्हटलं, साहेब, राहू द्या. त्यांना तो माझा विनय वाटला.

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चैत्रातली पहाट, नाल्याकाठचा मोह, टोपली, मित्र. गावाला ओळखायला वेळ लागला नाही. पाटलांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. सोमाजी अगदी पुढे बसले होते. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी सात-आठ ओळींत केलं होतं. डोळ्याच्या खोबणीपासून सगळं. ते वाचणं चालू असताना त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हळूच चेहऱ्यावर ओढून घेतला. तुम्ही खांबाला टेकून उभे होतात. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून गावानेही वाजवल्या. साहेबांसमोर गुरुजीला खोटं पाडायचं नाही, एवढी माझी अब्रू गावाने राखली, आणि तीच मला सर्वांत जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. मी तयारी करून ठेवली होती. तुम्ही रागवाल, मी पाया पडेन, असं सगळं मनात ठरलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. चटईवर बसलात आणि म्हणालात की गोष्ट घेतली त्याचं जाऊ द्या, सांगताना मी काही तुम्हाला बांधून घातलं नव्हतं. मग विचारलंत, "पर मी परालो, तेवढं काऊन काढलं?"

मी सांगितलं की कथेचा नायक पळत नसतो, वाचणाऱ्याला ते रुचत नाही, लिहिणाऱ्याला काही जोडावं लागतं, काही गाळावं लागतं. सगळेच लेखक करतात.

"करा ना. मंग खाली 'हे खरं हाय' म्हून सही काऊन केली?"

मी म्हटलं, ती स्पर्धेची अट होती.

तुम्ही अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलंत. नंतर जे बोललात ते मी तेव्हा पुरतं समजलो नव्हतो.

"गावानं पयलेच माह्यं पळनं काढून टाकलं होतं, गुरुजी. एका मानसाजवर मी ते वापस ठेवलं होतं. तुमच्याजवर. तुमीबी काढून टाकलं."

मी तुमचा अनुभव चोरला असं मी समजत होतो. ते खरंच होतं, पण चोरी तुम्ही मला माफ करायला तयार होतात. तुम्हाला लागलं होतं ते वेगळं. एवढ्या वर्षांनी तुम्ही एकदा खरं बोललात, आणि मी त्याचं पुन्हा तेच केलं जे गावाने केलं होतं. वर ते छापून घेतलं. आता ते कागदावर कायमचं झालं होतं.

तुम्ही म्हणालात की मासिकाला पत्र लिहा. मी माझी अडचण सांगितली. नोकरी आहे, साहेब काय म्हणतील. मग एक पळवाट सापडली तीही मांडली: खरं छापून आलं तर सोमाजींना कळेल की तुम्ही पळाला होतात. तुमच्यासाठीच मी गप्प बसतो, असा माझा सूर होता. तुम्ही म्हणालात की सोमाचं मी पाहतो, तुम्ही तुमचं पाहा.

यापुढचं तुम्हाला ठाऊक नसलेलं आहे.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला विचारलंत, पत्र टाकलं का? आपण शाळेच्या विहिरीजवळ होतो. मी हो म्हणालो. टाकलं नव्हतं. लिहिलंसुद्धा नव्हतं. दोनदा कागद घेतला आणि 'महाशय' एवढंच लिहून फाडला होता. तुम्ही माझ्या 'हो'वर विश्वास ठेवलात. मासिकात खरं छापून येईल, पुन्हा कोणी साहेब येऊन वाचून दाखवील, त्याआधी सोमाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे, असा विचार करून तुम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलात आणि सगळं सांगितलंत. आवाज बंद झाला म्हणून परत आलो, तेही.

माझ्या खोट्यावर भरवसा ठेवून तुम्ही खरं बोललात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सोमाजींनी तुमच्याशी बोलणं टाकलं. भांडले नाहीत. कोणाला काही सांगितलंही नाही. फक्त तुमच्या अंगणात येणं थांबलं. गावाला वाटलं, बांधावरून काही झालं असेल. चैत्रात मोह गळायला लागला. तुमची आणि त्यांची झाडं शेजारीशेजारी. दरवर्षी तुम्ही दोघं मिळून खालचा पाला झाडायचात, जाळायचात, आणि पहाटे सोबत जायचात, कारण एकट्याने त्या भागात कोणी जात नाही. त्या वर्षी सोमाजी बायकोला घेऊन वरच्या वाटेने जायला लागले. तुम्ही एकटे. एका सकाळी मी नाल्याकडे गेलो होतो तेव्हा तुम्हाला पाहिलं. दोन फुलं वेचायची, उभं राहायचं, चारी बाजूंनी कान द्यायचा, पुन्हा वाकायचं. मी झाडाआड उभा होतो. पुढे आलो नाही.

त्या दिवशी घरी जाऊन मी पत्र लिहिलं. अनुभव माझा नाही, दुसऱ्याचा आहे, त्याला न विचारता घेतला आहे, आणि त्यात मी बदल केला आहे. काय बदल, ते लिहिलं नाही, कारण ते माझ्या मालकीचं नव्हतं. एवढं मात्र तोवर कळलं होतं. पेन परत पाठवलं.

संपादकांचं उत्तर आलं. रागाचं नव्हतं, लांबही नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्या क्रमांकावर एक सुईण होत्या, खेड्यात राहणाऱ्या, त्यांनी स्वतःच्या हातून दगावलेल्या एका बाळंतिणीविषयी लिहिलं होतं, आणि पहिलं बक्षीस आता त्यांना जाईल. आधीच जायला हवं होतं. मी ते पत्र हातात धरून बसलो. ज्या बाईने आपली चूक न गाळता लिहिली आणि खाली सही केली, तिला मी माझ्या झेप घेतलेल्या वाक्याने खाली ढकललं होतं. स्पर्धेत आपल्याशिवाय आणखी कोणी असतं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

पुढच्याच अंकात कोपऱ्यात चार ओळी आल्या. मी त्या तुम्हाला वाचून दाखवल्या. तुम्ही बोट ठेवून कुठे आहे ते पाहिलंत आणि विचारलंत की एवढा उशीर कसा लागला. मी म्हटलं, मासिकवाल्यांचं काम सावकाश चालतं. दुसऱ्यांदा खोटं बोललो. तुम्ही म्हणालात, बरं झालं, आलं. आणि घरी गेलात. तुमच्या पाठीवरची मोहाची टोपली अर्धीही भरलेली नव्हती.

मी इथून बदली मागितली होती, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. अर्ज लिहून ठेवला होता. तुम्ही त्यानंतरही दुपारच्या सुट्टीला येत राहिलात. पूर्वीसारखेच, मासिक हुंगत. मी एकदा विचारलं की तुम्ही माझ्याकडे कसे येता. तुम्ही म्हणालात की तुमच्याकडे नाही आलो तर कुठे जाऊ, सोमा तर बोलत नाही. हसत म्हणालात. मी अर्ज फाडला.

त्यापुढच्या वर्षीच्या चैत्रात, तुम्ही पाला झाडायला गेलात तर सोमाजी आधीच येऊन तुमच्या झाडाखालची जागा झाडत होते, असं तुम्ही मला येऊन सांगितलंत. ते काही बोलले का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात की बोलले, काडेपेटी दे म्हणाले. त्या दिवशी तुम्ही चटईवर न बसता उभ्याउभ्याच बोलत होतात.

आपला वाद मात्र संपला नाही. राज्य बदललं, शाळेवरची पाटी बदलली, मी पुन्हा लिहायला लागलो, आणि दर दोन-चार महिन्यांनी तो निघायचा. मी म्हणायचो की स्पर्धा कथेची असती आणि मी ती कथा म्हणून पाठवली असती, तर पळणं गाळायचा मला हक्क होता. तुम्ही म्हणायचात की हक्क असेल, पण मला विचारलं असतं का? मी म्हणायचो की प्रत्येकाला विचारत बसलं तर कोणी काही लिहूच शकणार नाही. तुम्ही म्हणायचात, नका लिहू, जंगल काही अडून नाही राहात. मग दोघंही हसायचो. मला अजूनही वाटतं की थोडं मी बरोबर होतो. हे आता कोणाशी भांडू?

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेत दुसरे शिक्षक आले, वासुदेवराव. त्यांनाही लिहायचा नाद. कथास्पर्धेसाठी त्यांनी गावातल्या एका विधवेने त्यांना सांगितलेल्या तिच्या हकिकतीवर कथा लिहिली होती आणि भाषा तपासायला माझ्याकडे आणली. भाषा चांगली होती. मी त्यांना म्हटलं, व्हरांड्यात दसरूभाऊ बसले आहेत, त्यांना वाचून दाखवा. त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी वाचली. तुम्ही सगळी ऐकलीत आणि एवढंच विचारलंत, "तिले वाचून दाखवली का?" वासुदेवराव म्हणाले की नाव बदललं आहे, ओळखायचं कारण नाही. तुम्ही म्हणालात, "नाव बदललं, पर तिचं दार तेच ठेवलं. दारापुढची चिंच तीच ठेवली. सारं गाव वळखन. तुमची उद्या बदली होईन. ती कुठी जाईन?"

ते खट्टू झाले. स्पर्धेची मुदत चार दिवसांवर होती. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले की एवढी चांगली कथा सोडून द्यायची का? तेव्हा मी त्यांना माझी सगळी हकीकत सांगितली, तुमच्या परवानगीने जेवढी सांगता येत होती तेवढी. म्हटलं, पाठवायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण ही कोणाची आहे, तिने ती तुम्हाला कशासाठी सांगितली होती, आणि तुम्ही त्यातलं जे काढलंत ते कोणाच्या सोयीसाठी काढलंत, हे आधी स्वतःला विचारा. आणि खाली ज्या वाक्यावर सही करता ते एकदा मोठ्याने वाचा. मी माझं झेप घेतलेलं वाक्य मोठ्याने वाचलं होतं, ते मात्र वाचलं नव्हतं. वासुदेवराव त्या बाईंकडे गेले. त्या नको म्हणाल्या. त्यांनी कथा ठेवून दिली. त्या वर्षी त्यांचं काहीच गेलं नाही स्पर्धेला, आणि ते आठ दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. तुम्ही म्हणालात की बोलतील, काडेपेटी लागली की.

तुमच्या मातीला सगळं गाव होतं, आजूबाजूच्या टोल्यांवरचे, लहान वस्त्यांवरचे लोक होते. खड्ड्याजवळ लोक तुमच्याविषयी बोलायला लागले. कोणीतरी ती गोष्ट काढली, दसरू कसा जरासुद्धा न घाबरता अस्वलावर गेला. मी खाली पाहिलं. सोमाजी पलीकडे बसले होते. त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले.

"नाई," ते म्हणाले. "तो घाबरला. पराला. नाल्यापलीकडं जाऊन बसला. मंग वापस आला. त्यानं सोता मले सांगतलं. न घाबरनारा वापस आला असता तं मी काऊन रडलो असतो आज?"

मग पाटलांनी पहिली मूठ टाकली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी काल सोमाजींकडे गेलो. ते अंगणात दोर वळत होते. मी म्हटलं, दसरूभाऊंविषयी लिहिलं आहे, कुठल्या स्पर्धेला जाणार नाही, पण कोणाला दाखवण्याआधी तुम्ही ऐका. त्यांनी दोर बाजूला ठेवला. मी वाचलं. विहिरीजवळचं आलं, पत्र न टाकता हो म्हणालो ते. सोमाजींनी मला थांबवलं.

"हे त्याले ठाऊक होतं का?"

मी नाही म्हणालो.

तुमच्याशी न बोललेलं ते एक पूर्ण वर्ष त्यांच्यासमोर होतं, आणि मी समोर बसलो होतो. उठून जा म्हणाले असते तर मी गेलो असतो. अखेर ते म्हणाले, "ते राहू द्या. काढू नका." आणि पुढे वाचायची खूण केली.

संपल्यावर त्यांनी दोन जागा पुन्हा वाचायला लावल्या आणि म्हणाले की या दोन नको. एक चार ओळींची होती, एक अर्ध्या ओळीची. दोन्ही मला चांगल्या जमल्या होत्या. मी तिथेच बसून त्या खोडल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.